आधी रेघ ओढा

(पत्र थोडं संक्षिप्त करून देत आहे.)

‘ताई, मी सदतीस वर्षांचा आहे, कोथरूडला राहतो. लेक दीड वर्षाची असताना मी चाकणची नोकरी सोडली. बायकोचा पगार माझ्यापेक्षा जास्त, तिचं ऑफिस हिंजवडीला. दोघांचं जाणं-येणं धरलं तर लेक दिवसाचे अकरा तास पाळणाघरात राहिली असती. निर्णय दोघांनी मिळून घेतला आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. आता ती साडेतीन वर्षांची आहे. जूनपासून नर्सरीत जाते, साडेनऊ ते बारा.

कॉलेजात मी सुलेखन करायचो. एकांकिकांची पोस्टरं, गणपती मंडळाचे फलक, मित्रांच्या लग्नपत्रिका. हातात बोरू (तासून केलेली लेखणी) असला की जेवणाचीही आठवण राहायची नाही. नोकरीत ते मागे पडलं. घरी राहायला लागल्यावर वाटलं, आता वेळ मिळेल. दोन वर्षं झाली, एक ओळ लिहिलेली नाही. लेक शाळेत गेली की अडीच तास असतात, पण ते कुठे जातात कळत नाही. एका रविवारी दुपारी कागद घेऊन बसलो, तर आई म्हणाली, “ती आठवडाभर राबते आणि तू अक्षरं गिरवत बसतोस?” त्यानंतर बसलोच नाही. गेल्या वाढदिवसाला बायकोनं बोरूंचा जुडगा आणून दिला, तो माळ्यावर आहे. कधी वाटतं, पत्रिकांच्या ऑर्डरी घ्याव्यात, म्हणजे चार पैसे येतील आणि कुणी काही बोलणार नाही. पण हातच राहिला नसेल तर? आणि कमवत नसताना स्वतःसाठी वेळ मागणं बरोबर आहे का?

– एक बाबा’

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. ते तुम्ही जाता जाता लिहून टाकलं आहे: ‘बायकोनं बोरूंचा जुडगा आणून दिला, तो माळ्यावर आहे.’

बोरू काही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. दिवसभर काम करून, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून रात्री घरी पोचणारी बाई त्यासाठी एखाद्या शनिवारी अप्पा बळवंत चौकात हिंडली असेल, चार जणांना विचारलं असेल. तुम्ही कॉलेजात काय करायचात हे तिच्या नीट लक्षात आहे. वेळ मागणं बरोबर आहे का, हे तुम्ही मला विचारता आहात, आणि ज्या व्यक्तीला विचारायला हवं तिनं न विचारताच सामान आणून दिलंय. त्या जुडग्याबद्दल तुम्ही दोघं नंतर बोललात का, हे पत्रात नाही. मला वाटतं, बोलला नसाल. तिला वाटत असेल, ह्याची आवड संपली. तुम्हाला वाटतंय, मागायचा हक्क नाही. आणि जुडगा माळ्यावर.

तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: हो, बरोबर आहे. पगाराचा आणि याचा संबंध नाही. तुम्ही दिवसभर काम करता आणि काम करणाऱ्या माणसाला सुट्टी लागते.

अडीच तास कुठे जातात तेही सांगते, कारण माझेही एके काळी तिथेच गेले आहेत. शाळेत सोडून परत येईपर्यंत पावणेदहा. येताना दूध आणि कोथिंबीर. दार उघडलं की सकाळचा पसारा समोर: अर्धी खाल्लेली पोळी, गादीवर ओला टॉवेल, कुठल्या तरी डब्याचं झाकण. मशीन लावायचं. साडेदहाला भांडी घासायला बाई येतात, त्याआधी ओटा रिकामा करायचा. मध्ये सिलिंडरवाला. मग कपडे वाळत घालायचे. अकराला कुकर, कारण ती भुकेली येते आणि आल्या आल्या वरण-भात लागतो. पावणेबाराला चपला घालून तुम्ही पुन्हा दाराबाहेर. यात आळस कुठे आहे? घरकामाला जेवढी जागा द्याल तेवढी ते व्यापतं. अडीच तास दिलेत तर अडीच, चार दिलेत तर चार.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत आकडे आहेत. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. तुमच्या आईनं आयुष्यभर त्या २८९ मिनिटांपेक्षा जास्तच दिली असतील. तिचं बोलणं तुम्हाला लागलं, ते लागण्यासारखंच होतं. पण घर सांभाळणारं माणूस भर दुपारी स्वतःसाठी काही करत बसलंय, हे तिनं कधी पाहिलेलंच नाही. स्वतःच्या बाबतीत तर नाहीच नाही. तिच्याशी वाद घालू नका. एखाद्या दुपारी चहा घेताना विचारा, ‘आई, लग्नाआधी तू काय काय करायचीस?’ भरतकाम, गाणं, रांगोळी, काहीतरी निघेलच. ते ऐकून घ्या. पुढचं पुढे.

बायकांचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. जात्यावरच्या ओव्या तुम्हाला ऐकून माहीत असतील. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी इथे पुण्यात राहून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून घेतल्या. या बायकांना कुणी वेळ काढून दिला नव्हता. दळण थांबवायचं नव्हतं, म्हणून दळता दळताच रचल्या. मला याचा फार अभिमान वाटतो. पण म्हणून ‘त्यांनी जमवलं, तुम्हीही कामातच जमवा’ असं मी तुम्हाला सांगणार नाही. आवाजाला हात लागत नाहीत, म्हणून खुंट्यावर हात असतानाही ओवी रचता येते. अक्षराला दोन्ही हात, डोळे आणि एक कोरडं टेबल लागतं. कामातलं थोडं आणि कामाबाहेरचं थोडं, अशी दोन्ही प्रकारची वेळ तुम्हाला लागेल.

आधी कामाबाहेरची.

काही वर्षांपूर्वी मी मोडी लिपी शिकले. आपण बाळबोध, म्हणजे नेहमीची देवनागरी, लिहितो तेव्हा आधी शब्द लिहितो आणि मग त्यावर शिरोरेषा देतो. मोडीत उलटं. कोऱ्या कागदावर आधी या कडेपासून त्या कडेपर्यंत सबंध रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची, हात शक्यतो न उचलता. पेशवे दफ्तरातले, भारत इतिहास संशोधक मंडळातले कागद पाहिलेत तर दिसेल: मजकूर घाईचा आहे, शाई कुठे दाट कुठे फिकी, शब्दांमध्ये मोकळी जागाही नाही, पण रेघ सरळ आहे. पहिल्या आठवड्यात मला हे जमेना. मी सवयीनं अक्षर काढून रेघ द्यायला जायची आणि ओळ खाली घसरायची. शिकवणारे म्हणाले, ‘आधी रेघ. मग तिला काय लावायचं ते लावा.’

तुम्ही दोन वर्षं बाळबोध पद्धतीनं चालला आहात. आधी सगळी कामं, आणि ती उरकली की वर एक रेघ सुलेखनाची. कामं उरकतच नाहीत. तेव्हा मोडीसारखं करा. मंगळवार आणि शुक्रवार, पावणेदहा ते सव्वाअकरा. आठवड्याचे हे दोन दीड तास आधी ओढून घ्या. त्या दिवशी येताना दूध नाही, भाजी नाही, ती आदल्या संध्याकाळी. मशीन रात्री. जेवायला मुगाची खिचडी, कुकर सव्वाअकराला. बाई आल्या तर येऊ देत, ओटा त्यांना आवरू दे आणि महिन्याला थोडे जास्त द्या. टॉवेल गादीवर पडलाय ना? बारापर्यंत पडू दे. हे लिहायला सोपं आहे, करायला अवघड, मला माहीत आहे. ओला टॉवेल दिसत असताना पाठ करून बसणं ही पहिल्या महिन्यातली सगळ्यात कठीण गोष्ट असेल, एखाद्या जोडाक्षरापेक्षाही. जमलं तर टेबल खिडकीकडे तोंड करून ठेवा.

आणि तिसरी वेळ शनिवारी सकाळी, घराबाहेर. ही बायकोकडे मागायची. मागताना ‘जमलं तर’, ‘तुला त्रास नसेल तर’ असं काही नको. ‘शनिवारी आठ ते अकरा मी बाहेर असेन, लेक तुझ्याकडे. रविवारी तेवढेच तास तुझे, तू झोप, मैत्रिणीकडे जा, काहीही कर, घर माझ्याकडे.’ असं साधं, सरळ. तीही दमते, तिलाही हे हवंच असेल. शिवाय लेकीला शनिवारी सकाळी फक्त आई मिळेल. तुम्ही घरात असलात की प्रत्येक चमच्यासाठी ती ‘बाबा’ म्हणूनच हाक मारणार, आणि तिच्या आईला ते मनातून कुठेतरी टोचत असणार.

त्या तीन तासांत निदान पहिले काही आठवडे लिहू नका, नुसतं बघा. पेठांतून पायी हिंडा. फ्लेक्सनं बहुतेक पाट्या खाल्ल्या, तरी जुन्या दुकानांवर, वाड्यांच्या दारांवर ब्रशनं रंगवलेली अक्षरं अजून सापडतात. वही काढा आणि एकच अक्षर उतरवून घ्या. रंगाऱ्यानं वेलांटी कुठे वळवली, उकाराला जागा कशी केली, जागा कमी पडल्यावर ‘स्वीट’मधला ‘स्वी’ कसा दाबून बसवला. हे लोक कुठल्या वर्गात गेले नव्हते, पण अक्षर बसवायचं कसं हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. उन्हं चढली की जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वराच्या आवारात झाडाखाली बसून दहा मिनिटं तेच अक्षर पुन्हा काढा.

आता कामातली वेळ, म्हणजे लेक समोर असताना. तेव्हा बोरू आणि शाई काढूच नका. शाई सांडते, लेक त्यात बोटं बुडवते, तुम्ही ओरडता, आणि मग दोघांनाही त्या कागदाचा राग येतो. हार्डवेअरच्या दुकानातून सुताराची पेन्सिल आणा, चपट्या शिशाची. ती बोरूसारखीच चालते: एका दिशेला जाड, दुसऱ्या दिशेला बारीक. किंवा दोन साध्या पेन्सिली रबरानं बांधा, म्हणजे प्रत्येक फटका दुहेरी उमटतो आणि वळण कुठे चुकलं ते लगेच दिसतं. यात वाळायचं काही नाही, झाकण लावायचं नाही. ‘बाबा, शू’ म्हटलं की आहे तिथे टाकून उठता येतं. वाण्याच्या बिलाची मागची बाजू पुरते. कुकरच्या तीन शिट्या होईपर्यंत आडव्या, उभ्या, तिरक्या रेघा आणि अर्धगोल एवढंच. तुम्ही पूर्वी शिकलेले आहात, तुम्हाला माहीत आहे की देवनागरीची सगळी अक्षरं यातूनच उभी राहतात.

आठवड्याला एकच अक्षर घ्या. माझं ऐकाल तर ‘ळ’पासून सुरुवात करा. दोन गोल, एकमेकांना टेकलेले, आणि दोन्हींचा तोल सांभाळायचा. बाळ, फळा, वेळ, माळा, तुमच्या घरात या अक्षराची कमी नाही. मग ‘ल’ आणि ‘श’. राज्य सरकारनं नोव्हेंबर २०२२ मध्ये पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हीच मराठीची रूपं ठरवून दिली आहेत, म्हणजे तुमची लेक शाळेत हीच शिकेल. टाइपांच्या सोयीपायी ही वळणं मागे पडत चालली होती. ती घरात कुणीतरी हातानं काढताना तिनं बघितली, तर मला फार बरं वाटेल.

पण फक्त बघू दे. हे मी जरा जोर देऊन सांगते आहे. तिला शेजारी तिचा कागद आणि जाडे खडू द्या, आणि ती काय करते तिकडे लक्ष देऊ नका. साडेतीन वर्षांच्या मुलीनं अक्षर गिरवायची काहीही गरज नाही. ‘बघ बाबा कसं काढतो, आता तू काढ’ असं एकदा म्हणालात की तुमचं सुलेखन हा तिचा अभ्यास झाला, आणि तुम्ही पुन्हा कामावर हजर. दिवसभरात तुम्ही जे जे करता ते तिच्यासाठी करता. हे एक तुमचं असू दे. एखाद्या दिवशी तिला फारच हवं असेल तर वाटीत पोस्टर कलर पाण्यात पातळ करून द्या आणि आइस्क्रीमची काडी, खाली वर्तमानपत्र. कपड्यांवरून तो धुतला जातो, वॉटरप्रूफ शाई जात नाही. बोरू तासायचा चाकू मात्र ती शाळेत असतानाच बाहेर काढायचा आणि ती यायच्या आत वर ठेवायचा.

हात राहिला असेल का, असं विचारलंत. थोडा गेला असेल. माझा तंबोरा आठ वर्षं गवसणीत होता. मुलगा चौथीत गेला तेव्हा काढला. खुंटी पिळताना एक तार तुटली, जवारी पार गेलेली, भोपळ्यावर बुरशीचा डाग. तो नीट करून आणला आणि षड्ज लावला, तर माझाच आवाज मला ओळखू येईना. मी त्या दिवशी रडले. पुढचे दोन महिने सकाळी नुसता सा लावत होते, बाकी काही नाही. मग एका सकाळी तो लागला. आधी जिथे लागायचा तिथे नाही, जरा खाली, पण जास्त स्थिर. तुमचाही हात पूर्वीसारखा येणार नाही. विशीत तुम्ही लोकांना दाखवायला लिहीत होतात, आता तुम्ही निराळे आहात, अक्षरही निराळं येईल. प्रत्येक कागदावर तारीख टाका आणि एका पुठ्ठ्याच्या फाइलीत ठेवत जा. तीन महिने फोटो काढून कुठेही टाकू नका. लोकांचे अंगठे मोजायला लागलात की मंगळवारचा दीड तास फोनवरच जाईल.

पत्रिकांच्या ऑर्डरी निदान वर्षभर घेऊ नका. पैशाला माझी हरकत नाही, कारणाला आहे. ‘कुणी काही बोलणार नाही’ म्हणून तुम्ही त्या घेणार आहात. शिवाय लग्नपत्रिकेला तारीख असते. समोरच्याला गुरुवारी हवी असते आणि बुधवारी रात्री लेकीला ताप चढतो. मग एका हातात थर्मामीटर आणि दुसऱ्या हातात बोरू, आणि त्या रात्रीनंतर तुम्हाला बोरूच नकोसा होईल. तुम्ही आत्ता कुठे त्याच्याकडे परत वळता आहात.

अक्षर कुणीतरी वाचावं असं मात्र वाटणारच, अक्षर त्यासाठीच असतं. तुमच्या सोसायटीत जिन्याखाली सूचनांचा फळा असेल. दिवाळीनंतर सेक्रेटरींना विचारा, आठवड्यातून एकदा मी लिहू का. पाण्याची वेळ, लिफ्टची दुरुस्ती, काहीही चालेल. पाणी गुरुवारी येणार नाही हे सुंदर अक्षरात लिहिलेलं असलं की माणसं दोन क्षण जास्त थांबतात. खडू आडवा धरून लिहिलंत तर तोही बोरूसारखाच चालतो, तुम्हाला मंडळाच्या फलकांमुळे ते येतच असेल. आई जिना चढताना वाचतील. काही बोलणार नाहीत कदाचित.

आज संध्याकाळी शिडी लावा आणि जुडगा खाली घ्या. वर्षभर माळ्यावरच्या उन्हाळ्यात राहिलाय, एखाददुसरा बोरू उभा चिरला असेल, तो बाजूला काढा. बाकीचे ओल्या फडक्यानं पुसून जेवणाच्या टेबलावर ठेवा, ताटांच्या शेजारीच. बायको घरी आल्यावर विचारेल, हे कुठून काढलंस. तेव्हा तिला मंगळवार, शुक्रवार आणि शनिवारचं सांगा. आणि त्यातला एक बोरू तिलाच निवडू द्या. पहिला तोच तासा.